परळी-ठोसेघर पट्ट्यातली फोर बाय फोर डे ट्रीप: पैसे वसूल, पण गाड्या कमी करा

दोन वर्षं झाली जिम्नी घेऊन, म्हणजे मारुतीची चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर गाडी, आणि या दोन वर्षांत फोर एलचा (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) तो छोटा गिअर मी एकदाच टाकला होता, तो पण डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या आवारात. बाकी सगळं सातारा-कराड, कराड-सातारा, बँकेत जायचं आणि यायचं. मग सप्टेंबरात भावानं व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं, साताऱ्यातलीच पोरं रविवारची फोर बाय फोर ट्रेल काढतात, आपली गाडी आपण आणायची, सकाळी निघून संध्याकाळी घरी, आणि ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांना शिकवणार पण. त्याच रात्री पैसे भरले. शेजारच्या सीटवर कोण, तर बाबा. बाबा एसटीला ३१ वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी वर्षं मुक्कामी गाडीवर, म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन डोंगरातल्या गावात जायचं, तिथंच झोपायचं आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, एखादा आजारी माणूस असं सगळं घेऊन खाली यायचं. त्यामुळं ह्या रिव्ह्यूत माझं मत जेवढं आहे तेवढंच त्यांचं पण आहे, काही ठिकाणी तर त्यांचंच जास्त.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. खाली दोन तक्रारी आहेत, त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्यात आणि त्यांनी नीट ऐकून घेतल्यात, उगाच नाव घेऊन कुणाच्या पोटावर पाय नको. पण अशी ट्रीप कशी असावी आणि काय बघून पैसे भरावेत हे लिहायलाच पाहिजे असं मला वाटतं, कारण आता थार आणि जिम्नी गल्लोगल्ली झाल्यात आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर) कोणीतरी गाडी घालून रील काढत असतं.

पैशाचं आधी सांगते. गाडीमागे ३,५०० रुपये, त्यात ड्रायव्हर आणि सोबत एक माणूस, दोघांचा नाश्ता, जेवण, दोनदा चहा आणि प्रत्येक गाडीला एक वॉकी-टॉकी. जास्तीच्या माणसाला ६००. पेट्रोल-डिझेल आपलं. दहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, त्यावर दोन-तीन जण नाराज होते पण मला ते बरोबर वाटलं, मागच्या सीटवर दिवसभर डोकं हापटून घेणं लहान पोराच्या कामाचं नाही. एका फॉर्मवर सही घेतात की गाडीच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. तो फॉर्म पूर्ण वाचा आणि घरी आपली इन्शुरन्स पॉलिसी पण काढून वाचा, गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापराला कव्हर नाही असं छापलेलंच असतं. ही ट्रीप शर्यत नव्हेच, पण मी आधी एजंटला फोन करून विचारून घेतलं आणि मगच गेले.

सकाळी साडेसहाला वाढे फाट्याजवळच्या पंपावर जमायचं होतं. सांगितल्या होत्या दहा गाड्या, तिथं मोजल्या तर सतरा. आठ थार, चार जिम्नी, दोन जुन्या जिप्सी, दोन गुरखा आणि एक फॉर्च्युनर. ह्या सतराचं दुखणं पुढं लिहिते. जिप्सी बघून मात्र बाबा खूश, त्यातली एक पांढरी होती, मालकानं सगळं काम स्वतः करून घेतलेलं, बाबा सरळ जाऊन बॉनेट उघडायला सांगून बघत उभे. तेराशेचं इंजिन, हजार किलोच्या आसपास वजन, बिघडलं तर कुठल्याही गावात दुरुस्त होईल अशी गाडी, आणि २०१८-१९ मध्ये बंद झाली तरी आजही लोक शोधत फिरतात ते उगाच नाही.

तर ह्या लोकांनी निघायच्या आधी पाऊण तास फक्त समजावण्यात घालवला आणि माझ्या मते अर्धे पैसे तिथंच वसूल झाले. मुख्य मार्शल, म्हणजे वाट दाखवून गाड्या सांभाळणारा, पेशानं गॅरेजवाला, पस्तिशीचा असेल. त्यानं पहिल्यांदा सगळ्यांना आपापल्या गाडीखाली वाकून बघायला लावलं, "गाडीतला सगळ्यात खालचा भाग कुठला तो बोटानं दाखवा." मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीचा पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) बघितला, जिम्नीत तो मधोमध नसून एका बाजूला असतो, आणि रस्त्यात दगड आला तर तो कुठल्या बाजूनं घ्यायचा हे त्यावर ठरतं. कंपनी सांगते २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, थारचा २२६, पण तो आकडा ह्या खालच्या भागापासून मोजलेला असतो, तुम्ही जिथून दगड घेताय तिथून नाही. मग त्यानं स्टिअरिंग धरायला शिकवलं. अंगठे आत गुंडाळायचे नाहीत, बाहेरच्या कडेवर ठेवायचे. चाक दगडाला अडकलं की स्टिअरिंग झटका मारून फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. बाबा लगेच म्हणाले, "बरोबर हाय, आमच्या येळला पावर स्टेरिंग न्हवतं तवा एकाचा मोडलावता."

टायरची हवा कमी केली, सगळ्यांची, माझी होती त्यापेक्षा सात-आठ पीएसआय कमी करून २० वर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त लांब टेकतो, दगडाला गुंडाळल्यासारखा बसतो, घसरत नाही आणि आपले मणके पण वाचतात. पण मग वेगानं वळण घ्यायचं नाही, टायर रिमवरून सुटू शकतो, आणि डांबरीवर यायच्या आधी परत भरायची. मला वाटलं होतं हवा वर ट्रेलच्या तोंडाशी सोडतील तर इथं पंपावरच सोडली, आणि पुढचा घाट सगळ्यांनी ताशी तीसच्या वेगानं चढायचा असं ठरलं. हे काही मला पटलं नाही, वर जाऊन सोडली असती तर बरं.

पोवई नाका, समर्थ मंदिर, बोगदा असं करत सतरा गाड्यांची रांग सज्जनगडाच्या रस्त्याला लागली. खाली उरमोडीचं पाणी धुक्यात आणि गड अर्धा दिसतोय अर्धा नाही, ऑक्टोबरची ती सकाळ मला जन्मभर पुरेल. इथंच वॉकी-टॉकीवर पहिला धडा मिळाला. एक नवीन थारवाला पंपापासून फोर एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) टाकूनच चालला होता, वळणावर त्याची गाडी अडखळतेय असं मागच्या मार्शलला दिसलं आणि त्यानं लगेच टू एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) करायला लावलं. कारण पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, पुढची जास्त कापतात. थार, जिम्नी, जिप्सी ह्या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळं फोर एचला दोन्ही एकाच वेगानं फिरतात आणि तो फरक जायला जागाच राहत नाही. माती-चिखलात चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरीवर चाक घसरत नाही मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये भरतो. मॅन्युअलमध्ये असतं हे सगळं, पण मॅन्युअल कोण वाचतं, असं डोळ्यांदेखत अडखळलेलं बघितलं की डोक्यात बसतं.

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या अंगाला डांबरी सोडली. पवनचक्क्यांचं पठार. वारा असा की दार उघडलं तर हातातून निसटतं. इथले कच्चे रस्ते पवनचक्क्यांची पाती आणि खांब वर न्यायला केलेले, काही चांगले राहिलेत, काही पावसानं इतके उकरलेत की मध्ये गुडघाभर चर पडलेत. आयोजकांनी दोन गोष्टी आधीच ठरवल्या होत्या आणि त्यासाठी मी त्यांना मनापासून पूर्ण मार्क देते. एक म्हणजे वनखात्याच्या हद्दीत एक चाक पण घालायचं नाही, सगळी ट्रेल असलेल्या कच्च्या रस्त्यांवरून आणि ज्यांच्या मालकीची रानं आहेत त्यांना विचारून, पैसे देऊन. दुसरं म्हणजे सड्यावर रस्ता सोडायचा नाही, कितीही मोकळं दिसलं तरी.

ह्या दुसऱ्या नियमावरून दिवसातला सगळ्यात मोठा प्रसंग झाला. एक गाडीवाला, नाव गाव काही लिहीत नाही, ड्रोनचा शॉट चांगला येईल म्हणून रांग सोडून डावीकडं गवतात शिरला, फार नाही, पन्नास-साठ फूट. पुढच्या मार्शलनं जागच्या जागी सतरा गाड्या थांबवल्या, इंजिन बंद करायला लावली आणि चालत गेला. आवाज चढवला नाही. त्याला सांगितलं, आता वळून यायचं नाही, ज्या चाकोरीतून आत गेलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये बाहेर या, नवीन खूण पडता कामा नये. तो माणूस रिव्हर्समध्ये बाहेर आला आणि मग मार्शलनं आम्हाला सगळ्यांना तिथं बोलवून खाली बसून बघायला लावलं. जांभ्या दगडावर माती किती, तर बोटाच्या दोन पेरांएवढी, कुठं कुठं तेवढीही नाही. त्या एवढ्याशा मातीत सगळी फुलं. सोनकी संपत आलेली, तेरडा सुकलेला, पण पाणी साचून राहिलेल्या एका खोलगट जागी सीतेची आसवं अजून होती, निळी-जांभळी, नखाएवढी. ती वनस्पती किडे धरून खाते कारण ह्या मातीत कस नाही, हे मला माहीत होतं पण तिथं उकिडवं बसून बघताना वेगळंच वाटलं. आणि त्या फुलांच्या चार फुटांवरून गाडीचा टायर गेलेला, माती दाबली जाऊन खाली लाल दगड उघडा पडलेला. हा दगड स्पंजासारखा पाणी पितो आणि तेच पाणी खाली गावांच्या झऱ्यांना येतं. वर माती धुपली तर खालच्या पाण्याचं काय होणार ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. कास २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, तिथं हंगामात तिकीट आहे, पहारा आहे. ह्या बाकीच्या सड्यांना काय आहे? गाडी घालणाऱ्याची अक्कल, दुसरं काही नाही. तो ड्रोनवाला दिवसभर नंतर गप्प होता, जेवताना स्वतःहून मार्शलजवळ जाऊन सॉरी म्हणाला, बरं वाटलं.

आता मूळ ड्रायव्हिंगबद्दल. पहिला टप्पा चरांचा होता, आडवे-तिरके चर, एकावेळी समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं खड्ड्यात जातात आणि त्यातलं एक हवेत लटकतं. माझं मागचं उजवं चाक हवेत गेलं आणि गाडी जागेवर थांबली, चाक नुसतं गरागरा फिरतंय. पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला. बाहेरून मार्शल ओरडला, "ताई, सोडू नका, तेवढाच धरा, तेवढाच!" जिम्नीला मेकॅनिकल लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवणारी सोय) नाही, हवेतलं चाक गाडी स्वतः ब्रेक लावून धरते आणि ताकद दुसऱ्या चाकाकडं पाठवते, त्याला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात आपण पाय काढला की सगळं परत पहिल्यापासून. पाय तसाच धरला, खालून करकर आवाज आला आणि गाडी अलगद बाहेर आली. गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं लॉकर आहेत, त्यांना काहीच करावं लागलं नाही, लिव्हर ओढली आणि बैलगाडीसारखे निघाले. थारच्या काही मॉडेलमध्येही मागच्या बाजूला लॉकिंग डिफरन्शियल येतं, त्यामुळं त्यांना पण सोपं गेलं. फॉर्च्युनरचं मात्र पोट एका उंचवट्यावर टेकलं. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,७४५ मिलिमीटर, थारचा २,४५०, हा एक फुटाचा फरक कागदावर काही वाटत नाही, पण उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडं आणि मागची अलीकडं झाली की मधलं पोट बसणारच. दगड रचून काढली. लांब गाड्यांना ह्या टप्प्यावर बाजूची वाट द्यायला पाहिजे होती, हे मार्शलनं पण मान्य केलं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे प्रत्येक अवघड जागेच्या आधी सगळ्यांनी गाडीतून उतरून ती जागा चालून बघायची. चाक कुठून जाणार, दगड हलतोय का, पाण्याखाली काय आहे. ओढ्यात तर एक मार्शल काठी घेऊन स्वतः पलीकडं जाऊन आला, पाणी त्याच्या मांडीच्या खाली, मग म्हणाला चला. थारचा कंपनीनं दिलेला आकडा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या थोडं वर, पण तो थांबलेल्या पाण्यातला, वाहत्यातला नाही. फोर एलच्या फर्स्ट गिअरला घालायचं, गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, चालत्या माणसाच्या वेगानं जायचं म्हणजे बंपरपुढं एक लाट तयार होते आणि तिच्या मागं इंजिनजवळ पाणी कमी राहतं. जोरात घातली तर तेच पाणी एअर फिल्टरमध्ये. बाबांना हे सगळं पाठ. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ते गाडी उभी करून कंडक्टरला पाण्यात पाठवायचे आणि त्याच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाडी पुढं जात नसे, प्रवासी कितीही ओरडू देत. मी लहान होते तेव्हा बाबा कधी कधी दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, आई दाराशी उभी असायची, तेव्हा मला कारण कळायचं नाही. ते ओढ्याच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसलेले असायचे हे मला ह्या ट्रीपमध्ये, बाजूच्या सीटवर बसून त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

चिखलाच्या टप्प्यात एक थार रुतली. रोडचेच टायर होते आणि ड्रायव्हरनं घाबरून रेस दिली, दहा सेकंदात चाकं अॅक्सलपर्यंत खाली. इथं मार्शल लोकांचं काम बघण्यासारखं होतं. एकानंही रेस दे, ढकला असला गोंधळ केला नाही. आधी फावड्यानं चारी चाकांपुढचा चिखल काढला, ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या) घातले, मग गुरखा समोर आणून कायनेटिक दोर लावला. हा दोर रबरासारखा ताणतो आणि ती ताणलेली ताकद अडकलेल्या गाडीला ओढते, म्हणूनच तुटला तर माणसाला उडवू शकतो. दोर फक्त गाडीच्या चॅसीच्या हुकालाच लावायचा, बॉल हिचला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही. शॅकलची (दोर हुकाला जोडणाऱ्या कडीची) पिन पूर्ण आवळून परत अर्धा आटा सैल करायची नाहीतर ताण बसला की ती परत उघडत नाही. दोरावर मधोमध ओलं पोतं टाकलं, तुटलाच तर खाली पडावा म्हणून. सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं केलं, मोबाइलवर शूटिंग करायला पुढं आलेल्या दोघांना हाताला धरून मागं नेलं. आणि मग एकच हलका हिसका, थार बाहेर. गावाकडं आपण ट्रॅक्टरला साखळी लावून गाड्या ओढतो, लोखंडी साखळी, आणि पोरं बाजूला उभी असतात बघत. तो प्रकार आता माझ्यासमोर कुणी केला तर मी थांबवणार.

जेवण एका वाडीत, घरातच. नाचणीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, काळ्या वाटाण्याची आमटी, भात आणि ताक. चुलीवरचं. अजून भाकरी घ्या म्हणून मावशी मागं लागलेल्या. हे जेवण ट्रीपच्या पैशातलं असलं तरी आयोजक ह्या घराला माणशी ठरवून पैसे देतात आणि दर वेळी वेगळ्या घराला काम देतात असं मावशींनीच सांगितलं. ज्या वाडीच्या रानातून गाड्या जातात तिथं चार पैसे गेले पाहिजेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता तक्रारी. पहिली, गाड्यांची संख्या. दहा सांगून सतरा घेतल्या आणि मार्शल मात्र पाचच. एका चढावर तर मी पन्नास मिनिटं नुसती उन्हात थांबले, कारण एकेक गाडी सोडतात आणि ते बरोबरच आहे, एकावेळी एकच गाडी चढावर असली पाहिजे, म्हणून तर गाड्या कमी पाहिजेत. माझा वॉकी-टॉकी दुपारी दोनला बंद पडला, बदली सेट नव्हता, आणि तिथं मोबाइलला रेंज नाही. मागच्या गाडीतला माणूस हातानं खुणा करून सांगत होता. चारला परत येऊ म्हटले होते, वाढे फाट्यावर पोचलो पावणेआठला. दुसरी तक्रार जास्त गंभीर. आम्ही सहा बायका होतो, त्यातल्या दोघी स्वतः गाडी चालवणाऱ्या, आणि सकाळी साडेसहापासून जेवणापर्यंत, म्हणजे दीड वाजेपर्यंत, बायकांसाठी टॉयलेटची काहीच सोय नाही. उघडं पठार, आडोसा पण नाही. आम्ही दोघी-तिघींनी त्या भीतीनं पाणीच प्यायलं नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात माझं डोकं दुखायला लागलं. ठोसेघरला हॉटेलवर दहा मिनिटं गाड्या थांबवल्या असत्या तर भागलं असतं. हे मी संध्याकाळी मार्शलला स्पष्ट सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "ताई, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही, चूक आहे." पुढच्या ट्रीपच्या पोस्टरवर बारा गाड्या आणि ठोसेघरला थांबा असं आता छापलंय, मी बघितलं.

अजून एक लहान गोष्ट. सकाळी पहिल्या टप्प्यावर एक मार्शल काचेतून वाकून बाबांशी बोलत होता, काका गाडी फर्स्टला ठेवा, काका लेफ्ट घ्या. स्टिअरिंग माझ्या हातात. बाबाच म्हणाले, "गाडी ती चालवतीय, तिला सांग." त्यानंतर दिवसभर तसं झालं नाही.

शेवटचा टप्पा उताराचा. लांब, खडीचा, डावीकडं दरी नाही पण चांगला खोल खड्डा. नियम सोपा सांगितला, फोर एल, फर्स्ट गिअर, दोन्ही पाय मोकळे, इंजिन धरून ठेवेल, क्लचला हात काय पाय पण लावायचा नाही. क्लच दाबला की गाडी सुटली. ब्रेक करकचून दाबला की चाक जाम होऊन खडीवर गाडी आडवी. आणि चढताना मध्येच बंद पडली तर कधीही उतारावर वळवायची नाही, रिव्हर्स टाकून सरळ मागं यायचं, आडवी झालेली गाडी पलटी होते. मी बाबांना विचारलं घेता का. मार्शलनं लायसन बघितलं, ६६ वय बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काका चला म्हणाला. बाबांनी सीट पुढं ओढली, आरसे लावून घेतले, स्टिअरिंगला एकदा हात लावून छातीला लावला, एसटीत रोज लावायचे तसा, आणि गाडी उताराला घातली. पूर्ण उतारभर ब्रेक लाइट पेटले नाहीत, मागच्या गाडीवाल्यानं नंतर मुद्दाम येऊन सांगितलं. खाली आल्यावर मार्शलनं विचारलं काका आधी कुठं केलंय का हे. बाबा म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, डेपोत पहिल्या दिवशी शिकिवलं हुतं. हिला एक बारका गिअर जादा हाय एवढंच." मग चार-पाच नवीन थारवाली पोरं बाबांच्या भोवती जमली आणि हवा भरून होईपर्यंत, म्हणजे चांगली पाऊण तास, कारण सतरा गाड्यांना कंप्रेसर दोनच, बाबा त्यांना ब्रेक तापले की वास कसा येतो आणि मग काय करायचं ते सांगत होते.

कुणी जाणार असेल तर कामाचं तेवढं सांगते. टू व्हील ड्राइव्ह थार किंवा नुसती उंच एसयूव्ही घेत नाहीत, आणि घेऊ पण नये. पुढं-मागं दोन्हीकडं दोर अडकवायचे हुक पाहिजेत, काही गाड्यांत हुक टूलकिटमध्ये सुटा असतो, तो आदल्या दिवशी लावून बघा, एकाला तिथं आटेच सापडत नव्हते. स्टेपनीत हवा. पाणी माणशी तीन लिटर तरी. गाडीतलं सगळं सुटं सामान बांधा, माझा स्टीलचा डबा मागून उडून पुढं आला. कंबरेचं दुखणं असेल तर नका जाऊ, बाबांना दोन दिवस बाम चोळावा लागला, तरी ते ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

सोमवारी वॉशिंगला गाडी वर उचलून घेतली. खाली दोन ओरखडे, चाकामागच्या मडफ्लॅपची एक क्लिप तुटलेली, बाकी सगळं जागेवर. नुसतं वरून पाणी मारून चालत नाही, चॅसीच्या आतल्या पोकळीत, ब्रेक डिस्कच्या मागं आणि रेडिएटरच्या जाळीत माती बसते, ती खालून प्रेशरनं काढून घ्या आणि सगळे ग्रीसिंगचे पॉइंट बघून घ्या. वॉशिंगवाल्यानं ३०० जास्त घेतले, काढलेला चिखल बघता ते पण कमीच.